खाण्याचे हाल

मागच्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेत एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. पंगत उठत आली होती, पुरणपोळीचा दुसरा फेरा होऊन गेला होता, आणि शेजारी बसलेल्या आत्याने वाटीतली येळवणीची आमटी भुरकत मला तोच प्रश्न विचारला, जो ती मी परत आल्यापासून दर कार्याला विचारत आली आहे. "तिकडं जपानात खायचे लई हाल झाले असतील नाही रे तुझे?" मीही ठरलेलेच उत्तर दिले. "हो आत्या, हालच झाले." आत्या हळहळली, पलीकडच्या दोन बायकांना तिने ते पुन्हा सांगितले, आणि त्याही हळहळल्या. तेवढ्यात तुपाची वाटी घेऊन आई आमच्या ओळीत आली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, काही न बोलता माझ्या पोळीवर तुपाची धार जरा जास्तच वेळ धरली आणि ती पुढे गेली.

हाल झाले नव्हते.

म्हणजे अगदीच झाले नव्हते असे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये कंपनीने मला आइची प्रांतातल्या ओकाझाकीला पाठवले. नागोयापासून रेल्वेने अर्ध्या तासावरचे हे गाव, आणि गावाच्या आजूबाजूला सगळे मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने. तिथले पहिले सहा महिने माझे खरोखरच हाल झाले. पण ते मी माझ्याच हाताने करून घेतले होते. माझ्या बॅगेत तीन लिटरचा कुकर होता, पाच किलो शाळूचे पीठ होते आणि दोन किलो चटणी होती. पुण्या-मुंबईकडे जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तिला आमच्याकडे नुसते चटणीच म्हणतात. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, भाजलेले खोबरे, धणे, तेलात तळलेला कांदा आणि लसूण असा सगळा सरंजाम घेऊन आई दर उन्हाळ्यात डंकावर जाते, आणि त्या दिवशी ती घरी आली की तिच्या पदराला येणाऱ्या वासानेही ठसका लागतो. ती चटणी घालून मी ओकाझाकीत रोज रात्री खिचडी शिजवत असे. तिथल्या सपाट विजेच्या शेगडीवर भाकरी काही फुगली नाही, आणि शाळूच्या पिठाची शेवटी मी लापशी करून संपवली. रविवारी स्टेशनजवळच्या भारतीय हॉटेलात जात असे. जपानातली अशी बहुतेक हॉटेले नेपाळी लोक चालवतात. तिथे ताटाबाहेर लोंबणारा, मऊ, गोडसर नान मिळतो, आणि तो खाताना मी स्वतःची समजूत घालत असे की हे आपले जेवण आहे. वास्तविक सांगलीच्या जुन्या वस्तीतल्या, गावभागातल्या आमच्या घरात आजवर कोणी नान भाजलेला मला आठवत नाही.

त्या सहा महिन्यांत मी ओकाझाकीतल्या एकाही साध्या खाणावळीत पाऊल टाकले नाही. भीती होती, आणि ती मासा, गाय, डुक्कर यांचीच होती असे म्हणणे सोयीचे आहे. पण खरे तर भीती दाराची होती. तिथल्या छोट्या खाणावळींना सरकते लाकडी दार असते, काच दुधाळ असते, आत कोण बसले आहे ते दिसत नाही, आणि दारावर नोरेन नावाचा आखूड कापडी पडदा टांगलेला असतो. पडदा बाहेर असला की दुकान चालू, आत घेतला की बंद. मोठ्या हॉटेलांच्या काचेत पदार्थांच्या मेणाच्या-प्लॅस्टिकच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. त्यांच्याकडे बोट दाखवले की काम भागते. छोट्या खाणावळीत मात्र भिंतीवर उभ्या लिपीतल्या कागदाच्या पट्ट्या लटकत असतात, आणि त्या वाचता येत नसतील तर माणूस तिथे अडाण्यासारखा उभा राहतो. अभियंता म्हणून पाठवलेल्या माणसाला असे उभे राहणे जड जाते.

दार शेवटी पावसाने उघडले. सप्टेंबर संपत आला होता, कारखान्यातून परतताना जोराची सर आली, आणि मी ज्या दारासमोरून रोज सायकलवरून जात होतो त्याच्या वळचणीला थांबलो. पडदा आत घ्यायला आलेल्या बाईने मला पाहिले. सत्तरीला टेकलेली, ठेंगणी, कमरेला मळका निळा अॅप्रन. तिने हातातला पडदा पुन्हा खुंटीवर चढवला आणि दार सरकवून बाजूला उभी राहिली.

आत सहा स्टुले होती, टीव्हीवर बेसबॉल चालू होता, आणि मागे तिचा नवरा जाळीवर काहीतरी भाजत होता, त्याचा धूर थेट डोळ्यांत येत होता. 'गाईचे मांस चालत नाही' एवढे एकच वाक्य मला जपानीत येत होते. ते मी म्हटले. ती हसली, आत काहीतरी सांगितले, आणि दहा मिनिटांनी माझ्यासमोर ताट आले. लांबट, तलवारीसारखा चकाकता अख्खा मासा, डोक्याशेपटीसकट. शेजारी किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा ढीग आणि लिंबासारख्या फळाची हिरवी फोड. वाडगाभर भात, वाडगाभर काळसर आमटी आणि मिठात दाबलेल्या काकडीचे चार तुकडे. माशाचे नाव सान्मा, हे मला पुढे कळले. शरद ऋतू आला की तो बाजारात येतो आणि आपल्याकडे पहिला हापूस आला की होते तशी तिकडे त्याची चर्चा होते. आम्ही कृष्णाकाठचे लोक. रविवारी मटण, कधीमधी नदीचा मासा, आणि तोही आईने काटे काढून दिलेला. काड्यांनी मी त्या माशाचा जो चिवडा केला तो बघवेना म्हणून ती बाई काउंटरच्या पलीकडून वाकली, माझ्या हातातल्या काड्या तिने घेतल्या, माशाच्या पाठीवरून त्या हलकेच दाबत नेल्या, वरचा भाग उलगडला, तो मला खायला लावला, आणि मग शेपटीकडून काटा धरून अख्खा सांगाडा एका झटक्यात उचलून ताटाच्या कडेला ठेवला. फणीसारखा स्वच्छ. खाली उरलेला मासा पांढराशुभ्र आणि तेलकट होता, पोटाकडचा भाग कडू होता, आणि मुळ्याबरोबर तो कडवटपणा असा काही जिभेवर बसला की मी भात दोनदा मागून घेतला.

काळी आमटी मात्र त्या दिवशी अर्धी ठेवली. ती करपल्यासारखी लागली.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो, तिसऱ्यात दोनदा, आणि दिवाळी आली तोवर रोज. त्या आमटीचा उलगडा मला बहुधा पाचव्या-सहाव्या खेपेला झाला. पुरण शिजवल्यावर निथळून काढलेल्या पाण्याची येळवणीची आमटी असते ना, तिच्या तळाशी जो दाट, किंचित कडसर, किंचित गोड, डाळीचा खोल असा स्वाद असतो, तोच तिथे होता. फक्त गूळ-चिंचेशिवाय आणि तिखटाशिवाय. गोष्टही डाळीचीच होती. ती आमटी मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची. आइचीत मिसो करतात तो सोयाबीन आणि मिठाचा, तांदळावाचून, म्हणून इतका काळा. ओकाझाकीचा हाच्चो मिसो त्यातला सगळ्यात जुना आणि जहाल. पुढे जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेला तोकुगावा इएयासू १५४३ मध्ये ज्या किल्ल्यात जन्मला त्या किल्ल्यापासून आठ 'चो' अंतरावर, म्हणजे एक किलोमीटरला थोडे कमी, ही वस्ती आहे, म्हणून हाच्चो. तिथे जुन्या राजरस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोनच कारखाने आहेत, त्यातला एक १३३७ चा आणि दुसरा १६४५ चा, आणि दोन्ही पाहायला मिळतात.

एका रविवारी मी पाहायला गेलो. माणसाहून उंच लाकडी पिंपे अंधारात ओळीने उभी होती. प्रत्येकात सुमारे सहा टन मिसो, आणि त्यावर नदीतले गोटे रचून केलेला तीन टनांचा शंकू. चुना नाही, दोरी नाही. दगडावर दगड असा बसवायचा की भूकंप आला तरी ढासळता कामा नये. हे रचायला शिकण्यात वर्षे जातात म्हणे. मग दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे कोणी हात लावायचा नाही. त्या कोठारातला वास नाकात गेला आणि मला एकाएकी हरिपूर आठवले. कृष्णा-वारणेच्या संगमावर आमच्या त्या गावात जमिनीत हळदीची पेवे होती. तोंड लहान, पोट मोठे, आत हळकुंडे वर्षानुवर्षे किडीवाचून राहायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी हवा खेळू द्यायची, असे आजोबा सांगत. लहानपणी त्यांच्याबरोबर गेलो असताना उघड्या पेवाच्या तोंडाशी वाकून मी जो वास घेतला होता, तो हळदीचा कमी आणि कोंडलेल्या काळाचा जास्त होता. २००५ च्या महापुराने त्यातली कितीतरी पेवे खराब झाली. सहा हजार किलोमीटरांवर एका सोयाबीनच्या पिंपासमोर उभे राहून मला हरिपूरचा अभिमान वाटत होता आणि लाजही, कारण सांगलीत असताना मोठेपणी मी त्या पेवांकडे एकदाही मुद्दाम गेलो नव्हतो, आणि इथे मात्र पाहायला आलेल्यांच्या रांगेत उभा होतो.

खाण्याच्या जागा सापडायला लागल्या की एकीतून दुसरी सापडते. शनिवार-रविवारी सकाळी मी कॉफीच्या दुकानात जाऊ लागलो. आइचीतली पद्धत अशी की सकाळी कॉफी मागवली की तेवढ्याच पैशात लोणी लावलेला जाड टोस्ट आणि उकडलेले अंडे येते, कधी शेंगदाण्यांची चिमुकली पुडीही. याला तिकडे नुसते 'मॉर्निंग' म्हणतात. ही चाल इचिनोमियाच्या कापड गिरणीवाल्यांमुळे पडली असे सांगतात. मागांच्या खडखडाटात बोलता येईना म्हणून मालक आणि व्यापारी कॉफीच्या दुकानात येऊन सौदे करत, आणि दुकानदार त्यांच्यापुढे अंडे आणि शेंगदाणे ठेवत. हे ऐकले तेव्हा मला हसू आले. इचलकरंजीला आणि विट्याला मागांचा तोच खडखडाट आहे, शेंगदाणेही मुबलक आहेत, आणि गिऱ्हाइकाला चहाबरोबर फुकट काही द्यावे हे मात्र आमच्याकडच्या एकाही टपरीवाल्याला सुचलेले नाही. दुसऱ्या वर्षी मला ओगुरा टोस्ट सापडला. गरम टोस्टवर लोणी आणि त्यावर अझुकी नावाच्या लाल कडधान्याचा, गोड शिजवलेला जाड थर. पहिला घास घेतला आणि तोंडात पुरण होते. वेलदोडा नाही, जायफळ नाही, पण पुरणच. समोरचे म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत तेच खात होते, आणि त्यांना सांगावेसे वाटत होते की हे आमच्याकडे होळीला करतात; पण तेवढी भाषा येत नव्हती, आणि आली असती तरी त्यांनी वर पाहिले नसते.

तिखट शोधत मी नागोयापर्यंत गेलो. तिथे 'तैवान रामेन' नावाचा शेवयांचा एक प्रकार मिळतो, जो तैवानमध्ये नाही. नागोयातल्याच एका तैवानी हॉटेलवाल्याने १९७० च्या दशकात तो काढला. लसूण, सुकी लाल मिरची आणि खिमा यांचा रस्सा. कमी तिखट हवा असेल तर 'अमेरिकन' म्हणायचे आणि जास्त हवा असेल तर 'इटालियन', फिक्या आणि कडक कॉफीच्या नावांवरून. मी ऐटीत इटालियन मागवला, नाकाडोळ्यांतून पाणी काढत संपवला, आणि बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा लक्षात आले की मला काही झालेलेच नाही. घरची आठवण आली नाही. तिखटासाठी जीव तळमळतो असे मी वर्षभर स्वतःला सांगत होतो. तिखट पोटभर मिळाले आणि मला त्या बाईची काळी आमटी प्यावीशी वाटत होती.

माझ्याबरोबरच्या सगळ्यांचे असे झाले नाही, हे इथे सांगायला हवे. पुण्याचा एक सहकारी पक्का शाकाहारी होता, आणि त्याचे हाल खरे होते. जपानी स्वयंपाकात बोनिटो माशाच्या वाळवलेल्या पापुद्र्यांचा अर्क सगळीकडे असतो. साध्या भाजीत, पालकावर, अंड्यात, आमटीत. वरून काही दिसत नाही, आणि 'मासा नाही ना?' असे विचारले तर वाढणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण त्याच्या लेखी तो मासा नसतोच. तो सहकारी बिचारा तीन वर्षे डबाबंद राजम्यावर राहिला. आत्याचा प्रश्न त्याला विचारायला हवा होता.

आता त्या बाईंकडे वळतो. तिला सगळी गिऱ्हाइके 'ओकासान' म्हणत. छोट्या खाणावळीच्या मालकिणीला असे म्हणण्याची तिकडे पद्धतच आहे. ट्रकवाले म्हणत, शाळेतले मास्तर म्हणत, तिच्या वयाचा न्हावीसुद्धा म्हणे. "ओकासान, भात." "ओकासान, बिल." मीही म्हणू लागलो. ओकासान म्हणजे आई.

आईचा फोन दिवेलागणीला येई. सांगलीत सात वाजलेले असले की ओकाझाकीत साडेदहा झालेले असतात. मी खाणावळीतून परतलेलो असे आणि कपड्यांना भाजलेल्या माशाचा वास येत असे. "जेवलास का?" "हो." "काय केलं होतंस?" इथे मी क्षणभर थांबत असे. "भात-आमटी." यात खोटे काहीच नव्हते. भात होता, आमटी होती. 'केलं होतंस' या शब्दाला मी बगल दिली होती, एवढेच. "नुसती आमटी? भाजी नाही?" "वांगं होतं." तेही खरेच होते. उभे चिरलेले वांगे भाजून त्यावर गोडसर काळा मिसो फासायचा आणि पुन्हा आचेवर धरायचा, त्याला देन्गाकू म्हणतात. मिसो जरासा जळतो, वांग्याचा गर लोण्यासारखा होतो, आणि चमच्याने खरवडून खायचे. मी ओकासानला मोबाइलवर भाषांतर करून सांगितले की आमच्या नदीकाठची वांगी प्रसिद्ध आहेत, लोक ती पाहुण्यांकरवी पुण्याला मागवतात. तिने डोळे मिचकावून मला एक म्हण सांगितली, जी समजायला भाषांतराला तीन वेळा प्रयत्न करावे लागले: शरदातले वांगे सुनेला देऊ नये. इतके चवदार असते की सासूने स्वतःच खावे. मी हसलो तेव्हा काउंटरवरचे सगळे हसले, बहुधा मी उशिरा हसलो म्हणून.

आणि चटणी? चटणीचे काय झाले ते सांगायचे मी इतका वेळ टाळतो आहे. दर उन्हाळ्यानंतर कोणी ना कोणी पुण्याहून येणारा सहकारी आईची चटणी घेऊन येई. खिचडी थांबली तशी ती लागेनाशी झाली. दुसऱ्या वर्षी मी त्यातली वाटीभर ओकासानला नेऊन दिली. तिने चिमूट जिभेवर ठेवली, खोकली, पाणी प्याली, पुन्हा चिमूट घेतली. मग मिसोत ती थोडी कालवून भाताच्या गोळ्याला बाहेरून फासली आणि जाळीवर ठेवली. खोबरे आणि लसूण आचेला लागले आणि त्या सहा स्टुलांच्या खोलीत एकदम आमच्या घरातल्या मे महिन्याचा वास पसरला. त्या भाताच्या गोळ्याचे चाहते तयार झाले. बरणीवर तिने कागद चिकटवला, आणि त्यावर काय लिहिले आहे विचारले तर म्हणाली, 'सांगुरी'. 'ल' त्यांच्या तोंडात बसत नाही. मला केवढा अभिमान वाटला होता. त्याच रात्री आईने फोनवर विचारले, "चटणी पुरते ना रे?" मी म्हणालो, "संपत आली." ती खूश झाली. पुढच्या वर्षी तिने अर्धा किलो जास्त कुटली.

२०१९ मध्ये नवे सम्राट गादीवर आले, त्या निमित्ताने तिकडे सलग दहा दिवसांची सुट्टी मिळाली. मी सांगलीला आलो, डंकावर आईबरोबर मीच गेलो, आणि परतताना माझ्या बॅगेत त्या वर्षीची अडीच किलो चटणी होती. ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांवर गेले. आई-बाबा आत्याकडे विश्रामबागेत गेले होते, म्हणजे जिवाला धोका नव्हता, पण आमच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले आहे एवढेच कळले होते आणि नंतर दोन दिवस फोन लागत नव्हता. मी खाणावळीत बसून मोबाइलवर तेच तेच चित्र पाहत होतो. हरभट रोडवर होड्या, मारुती चौकात छातीएवढे पाणी. ताट समोर तसेच होते. ओकासानने मोबाइल हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, "इसे-वान." १९५९ च्या सप्टेंबरातले ते वादळ, नागोयाच्या खालच्या भागात समुद्र शिरला आणि पाच हजारांवर माणसे गेली. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिकडेच राहायला होती. ती पुढे काही बोलली नाही. माझे गार झालेले ताट तिने उचलले, झाकणाच्या मातीच्या भांड्यात मिसोच्या रश्श्यात जाड शेवया उकळवून आणल्या, झाकण उलटे करून ताटलीसारखे माझ्यापुढे ठेवले, त्यात थोड्या शेवया काढल्या, आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. पैसे घेतले नाहीत. आईचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. तिचे पहिले वाक्य होते, "जेवलास का?"

डिसेंबरमध्ये मी कायमचा परत आलो. गावभागातल्या घराच्या भिंतींवर पुराची रेघ होती, धान्याचे डबे टाकून दिले होते, आणि त्यात वर्षाच्या चटणीची बरणीही गेली होती. मी मोठ्या ऐटीत बॅग उघडून माझा डबा आईच्या हातात दिला. त्या वर्षीची जगात उरलेली तेवढीच चटणी. तिने डबा हातात तोलला, झाकण उघडले. दोन किलोंच्या वर होती. "एवढी उरली?" एवढेच ती म्हणाली, आणि मला वाटले की ती आनंदाने म्हणते आहे.

वास्तुशांतीहून आम्ही परतलो त्या रात्री आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी पाणी प्यायला गेलो. ती वर न पाहता म्हणाली, "आत्याला काय सांगितलंस ते ऐकलं मी."

"काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं गं."

"हाल झाले असते तर चटणी उरली असती का?"

मी फ्रिजला टेकून उभा राहिलो. त्याच्या दारात, एका जपानी सहकाऱ्याने मागच्या वर्षी आणून दिलेले काळ्या मिसोचे पाकीट अजून तसेच पडले होते. आई त्याला बुटाचे पॉलिश म्हणते. "बस खाली," ती म्हणाली, "आणि काय काय खाल्लंस ते सांग." मी बसलो. सान्मा सांगितला, काटा उचलण्याची रीत शेंगेच्या टरफलावर करून दाखवली. टोस्टवरचे पुरण सांगितले, तेव्हा तिने तोंड वाकडे केले. भांड्यातल्या शेवया सांगितल्या. पुराचे काही सांगितले नाही. वांगी सांगताना ती म्हण आली. आईचे हात थांबले. "शरदातलं वांगं सुनेला देऊ नये?" तिने पुन्हा म्हणून पाहिले, आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की बाहेरून बाबांनी काय झाले म्हणून विचारले. "मग तुझी आजी जपानीच म्हणायची," ती म्हणाली.

बराच वेळ आम्ही शेंगा फोडत राहिलो. दाण्यांचा ढीग एकीकडे, टरफलांचा दुसरीकडे. तिने त्या बाईचे वय विचारले, मुले किती ते विचारले, दुकान अजून चालू आहे का ते विचारले. पहिल्याचे उत्तर मला माहीत होते, बाकीच्या दोन्हींचे नव्हते.

"नाव काय म्हणालास तिचं?"

"नाव कधी विचारलंच नाही. सगळे ओकासान म्हणायचे."

"म्हणजे काय?"

मी एक शेंग उचलली. तिला तीन दाणे होते, आणि मधला किडका निघाला.

"मालकीण," मी म्हणालो.